पदक दिल्लीत, पडदा बाजारात : उद्योगपट-शिक्षणपटांच्या स्पर्धा आणि मोहगावचा प्रेक्षक

मोहगाव, सौसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'पिक्चरची गाडी' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. सरकारी प्रचाराची गाडी, तिच्यातलं जनरेटर, टपावरचा पोंगा, बाजाराच्या जागेत दोन बल्ल्यांना ताणून बांधलेला पांढरा पडदा आणि टेबलावर ठेवलेला १६ मि.मी.चा प्रोजेक्टर. मोहगावचे एक काकाजी मला म्हणाले, "आमाले तं पोंगा वाजला का समजे, आज जेवण लवकर. पिक्चर कायचा आहे हे कोनी इचारतच नव्हतं. पडदा आहे ना, मंग झालं." पाहिलं काय, असं विचारल्यावर त्यांनी जी यादी सांगितली ती अशी : धरण, देवीची लस, जपानी पद्धतीची धानशेती, पुन्हा धरण, पंडित नेहरू.

लेखाचा विषय ती गाडी नाही. त्या गाडीतून आणि टॉकीजच्या 'न्यूजरील'मधून जे लहान चित्रपट आपल्याकडे आले, त्यातल्या काहींना कुठे ना कुठे पदकं मिळाली होती. दिल्लीत, मुंबईत, परदेशातसुद्धा. ही पदकं कोण देत होतं, कशासाठी देत होतं, आणि ज्याच्यासाठी चित्रपट काढला त्या माणसाला त्यात कधी काही विचारलं गेलं का, हे मला पाहायचं होतं. आपल्या मंडळात जुनी मंदिरं, सनदा, मोडी कागद यांवर भरपूर लेखन झालं. मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या देवळावर तर तीन-चार लेख असतील. या विषयाला मात्र कोणी हात लावलेला नाही, आणि ज्यांना आठवतं ती माणसं एकेक करून चालली आहेत. म्हणून ही घाई.

आधी शब्दांबद्दल. कंपनीने आपल्या धंद्यासाठी काढवून घेतलेला तो उद्योगपट, शिकवण्यासाठी काढलेला तो शिक्षणपट, असं मी इथे धरतो. दोन्हींचं एक लक्षण सारखं आहे. गोष्टीच्या सिनेमात तिकीट काढणारा आणि पाहणारा एकच असतो. आवडला नाही तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही आणि निर्मात्याला निकाल कळतो. उद्योगपटात आणि शिक्षणपटात पैसे देणारा एक, पाहणारा दुसरा आणि चांगला-वाईट ठरवणारा तिसरा. इंजिनीयरच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅकची तारच जोडलेली नाही. स्पर्धा आणि महोत्सव हे त्या तुटलेल्या तारेच्या जागी बसवलेलं साधन. ते कितपत चाललं, हा खरा प्रश्न.

सुरुवात आपल्या माणसापासूनच करावी लागते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. जवळ पैसा नव्हता. 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज पाहिजे होतं आणि कर्ज देणाऱ्याला हे यंत्र काय करतं ते दाखवायचं होतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि कर्जाचं जमलं.

या गोष्टीत नेहमी सांगतात की फाळक्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली. इथे माझ्यातला इंजिनीयर अडतो. त्या काळी साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. रोज एक घेतली तर अडीच वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि तोवर वाटाण्याचा वेल राहायचा नाही. उलट बाजूने मोजा : महिन्याच्या ३० फ्रेम म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. नाडकर्णींनी पापणी लवली असती तर कर्ज हुकलं असतं! फिल्म खरोखर मिनिटभराची असेल तर रोज ३०-३२ फ्रेम, म्हणजे दिवसभरात दर पाऊण तासाला एक अशा हिशेबाने घेतलेल्या असणार. रात्रीही घ्यायच्या तर दिव्याचा उजेड सारखा ठेवायला हवा. 'रोज एक'पेक्षा हे काम किती तरी जास्त चिकाटीचं आहे. गोष्ट सांगताना आपण फाळक्यांचे कष्ट वाढवून सांगतो असं वाटतं, प्रत्यक्षात कमी करून सांगत आलो.

मुद्दा असा की आपल्याकडचा पहिला शिक्षणपट शाळेतल्या मुलांसाठी निघालेला नव्हता, सावकारासाठी निघाला होता. विषय वनस्पतिशास्त्राचा, हेतू धंद्याचा, आणि परीक्षक एकच, ज्याच्या हातात थैली. पुढे फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही लहान चित्रपट केला आणि १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हेही दाखवलं. तळेगावचा कारखाना पैसा फंडातून, म्हणजे लोकांनी पैसा-पैसा देऊन उभा राहिलेला. आपल्या पैशाचं काय झालं हे लोकांना दिसावं, यापेक्षा उद्योगपटाला चांगलं कारण काय असेल? बक्षीस वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच.

काचेवरून एक आठवलं म्हणून सांगतो. बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाला लेअरडाम इथल्या काच कारखान्यावर चित्रपट काढायचं काम मिळालं होतं. त्यातून त्याने १९५८ मध्ये 'ग्लास' नावाचा दहाएक मिनिटांचा माहितीपट केला. फुंकर मारणारे कारागीर, त्यांचे फुगलेले गाल आणि मागे जॅझ. निवेदन नाही. त्याला लघु माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. कारखान्याच्या कामातून निघालेला चित्रपट जगभर गेला, कारण त्यात कारखानदार दिसत नाही, कारागीर दिसतो. आधी १९३४ मध्ये सिलोनच्या चहा मंडळाच्या पैशावर बेझिल राइटने 'साँग ऑफ सिलोन' केला होता. तोही चहाची जाहिरातच म्हणायची, पण १९३५ च्या ब्रुसेल्सच्या महोत्सवात त्याने बक्षीस घेतलं. परदेशातल्या परीक्षकांचा कल तेव्हाच दिसतो : ज्याने पैसे दिले त्याचं नाव जितकं कमी ऐकू येईल तितकं पदक जवळ.

आता आपल्याकडे सरकार या धंद्यात कसं उतरलं ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालं आणि काही काळ व्ही. शांताराम त्याचे मुख्य निर्माते होते. १९४३ मध्ये असे चित्रपट दाखवणं टॉकीजवाल्यांना सक्तीचं झालं. १९४६ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं आणि १९४८ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सक्ती पक्की झाली. वैज्ञानिक चित्रपट, शैक्षणिक हेतूचे चित्रपट, बातम्यांचे चित्रपट आणि माहितीपट दाखवायला सांगण्याचा अधिकार त्यात आहे. टॉकीजवाल्याला ते चित्रपट फुकटही मिळत नव्हते, त्याचं भाडं भरावं लागे. ते लोक पुढे कोर्टात गेले, पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्ती योग्य ठरवली. सौसर-पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाने मात्र कोर्टात न जाताच तोडगा काढला होता. न्यूजरील सुरू असताना बाहेर बिडी ओढायची आणि घंटा वाजली की आत यायचं.

१९५४ मध्ये सरकारी पुरस्कार सुरू झाले, १९५३ च्या चित्रपटांसाठी. मराठी माणसाला त्या वर्षाचं एकच नाव पाठ आहे, आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई', राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पण त्याच वर्षी राष्ट्रपतींचं दुसरं सुवर्णपदकही दिलं गेलं, माहितीपटासाठी. ते मिळालं 'महाबलीपुरम'ला. दिग्दर्शक जगत मुरारी. पुढे प्रभात स्टुडिओच्या जागेत पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि काही काळाने हेच मुरारी तिचे प्राचार्य झाले. म्हणजे सरकारने पहिल्याच वर्षी गोष्टीचा सिनेमा आणि माहितीपट एका पायरीवर ठेवले होते. लोकांनी ठेवले नाहीत. 'श्यामची आई' मोहगावात घरोघरी माहीत आहे. 'महाबलीपुरम' कोणी पाहिला का, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. एका मावशींनी सांगितलं, "दगडाचे रथ असलेला एक पाह्यला होता, पन तो बक्षिसाचा होता हे आमाले कोन सांगते?"

तिथेच सगळं आलं. पदक मिळालेलं प्रेक्षकाला कळतच नव्हतं. आज पोस्टरवर पानांची नक्षी छापून बक्षिसं मिरवतात तसं गाडीवाल्याने पोंग्यावरून कधी सांगितल्याचं कोणाला आठवत नाही. १९५४ मध्ये आपली राजधानी नागपूर होती, कारण मध्य प्रदेश तेव्हा नागपुरातून चालायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. राजधानी भोपाळला हलली. फिल्मच्या धंद्याने मात्र ही फाळणी मानली नाही. वितरकांच्या हिशेबात आजही 'सी.पी.-बेरार' नावाचा प्रदेश चालतो, त्यात विदर्भही येतो आणि आमच्याकडचा भागही. नकाशावरून पुसला गेलेला प्रांत सिनेमाच्या वहीखात्यात जिवंत आहे, याची मला फार गंमत वाटते.

याचा परिणाम असा की गोष्टीचा सिनेमा आपल्याकडे जुन्या मराठी वाटेने येत राहिला आणि सरकारी गाडी नव्या हिंदी वाटेने. फिल्म्स डिव्हिजन एकेका माहितीपटाच्या अनेक भाषांतल्या प्रती काढत असे, त्यात मराठीही होती. पण ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांना निवेदन हिंदी आठवतं. काकाजींच्या शब्दांत, "बोले ते हिंदीत, हासू आमी मराठीत." गाडीबरोबर आलेला माणूस चांगला असला तर मधेमधे थांबून आपल्या बोलीत समजावून सांगे. म्हणजे मोहगावात पाहिला गेलेला चित्रपट आणि दिल्लीच्या परीक्षकांनी पाहिलेला चित्रपट एकच नव्हता. त्या माणसाचा आवाज कोणत्याही रिळावर नाही.

रिळाचं तांत्रिक अंग थोडं सांगतो, कारण बक्षिसांच्या इतिहासात ते कोणी सांगत नाही. टॉकीजमध्ये चालायची ती ३५ मि.मी.ची फिल्म. तिच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ म्हणजे ११ मिनिटं. गाडीतून यायची ती १६ मि.मी. तिच्या एका फुटात ४० फ्रेम, मिनिटाला ३६ फूट, म्हणजे चारशे फुटांच्या रिळाचीही तीच ११ मिनिटं. म्हणून त्या काळचे कितीतरी माहितीपट दहा-अकरा मिनिटांचे आहेत. विषय तेवढ्यात बसतो म्हणून नव्हे, रीळ तेवढं असतं म्हणून. धरण असो की मधमाशी, मिनिटं सारखीच.

दुसरी गोष्ट आगीची. ३५ मि.मी.ची जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेटे. म्हणून टॉकीजला वेगळी, आग न लागणारी खोली लागायची. १६ मि.मी. कोडॅकने १९२३ मध्ये काढली तीच न पेटणाऱ्या ॲसिटेटवर. घरात, शाळेत, बाजारात टेबलावर ठेवून दाखवता यावी म्हणूनच. ॲसिटेट नसतं तर शिक्षणपट मोहगावला पोचलाच नसता. पोचवणाऱ्या गोष्टी या : ॲसिटेट, जनरेटर आणि जीपचा ड्रायव्हर. एकालाही पदक नाही.

कंपन्यांमध्ये या कामात पुढे होती ती बर्मा-शेल. आपल्या आज्या ज्याला रॉकेल म्हणायच्या ते विकणारी. १९५० च्या दशकात तिने मुंबईत स्वतःचं फिल्म युनिट चालवलं. जेम्स बेव्हरिज नावाचा कॅनेडियन माणूस त्याचा प्रमुख होता. या युनिटने भारतातल्या खेड्यांवर चित्रपट काढून घेतले. हरी दासगुप्तांचा 'पंचथुपी' बंगालच्या खेड्यावर, फली बिलिमोरियांचा 'अ व्हिलेज इन त्रावणकोर' केरळच्या. त्यात रॉकेलची जाहिरात शोधावी लागते. साँग ऑफ सिलोनचाच धडा. याच बिलिमोरियांनी नंतर फिल्म्स डिव्हिजनसाठी 'द हाऊस दॅट आनंदा बिल्ट' हा ओरिसातल्या एका कुटुंबावरचा माहितीपट केला, आणि १९६९ च्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं. सरकारी माहितीपट ऑस्करच्या दारापर्यंत गेला होता हे आजच्या किती चित्रपटवेड्यांना ठाऊक आहे? बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारने घेतली, तिचंच पुढे भारत पेट्रोलियम झालं.

परदेशात याच काळात अशा चित्रपटांच्या वेगळ्या जत्रा भरू लागल्या होत्या. एडिनबरोचा महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तो माहितीपटांचा म्हणूनच. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या हॅरोगेटला उद्योगाच्या कामी येणाऱ्या चित्रपटांचा महोत्सव भरला, १९६० मध्ये फ्रान्समधल्या रुआँला आंतरराष्ट्रीय उद्योगपट महोत्सव. अमेरिकेत १९५७ मध्ये 'साइन' नावाची संस्था निघाली. परदेशी महोत्सवांना कोणते चित्रपट पाठवायचे ते ती निवडायची आणि निवडलेल्यांना 'गोल्डन ईगल' द्यायची. या सगळ्यांत मला सगळ्यात शहाणी वाटली ती एज्युकेशनल फिल्म लायब्ररी असोसिएशनची स्पर्धा, १९५९ पासूनची. तिथे विषयवार गट असत आणि परीक्षक म्हणून बसत ग्रंथपाल, शिक्षक, त्या त्या विषयाचे जाणकार. म्हणजे जे लोक उद्या हा चित्रपट आपल्या वाचनालयासाठी विकत घेणार किंवा वर्गात दाखवणार, तेच 'ब्लू रिबन' ठरवत. मिळालेल्या रिबनमुळे प्रती खपत. विद्यार्थी तिथेही परीक्षक नव्हते हे खरं, पण विद्यार्थ्याच्या शेजारी बसणारा माणूस तरी होता. मघाची तुटलेली तार इथे अर्धी जोडलेली दिसते.

आपल्याकडे १९६० च्या पुरस्कारांपासून शैक्षणिक चित्रपटाला वेगळा मान मिळाला. पुढे वाढत वाढत वैज्ञानिक, कृषी, कुटुंबकल्याण, सामाजिक प्रश्न, प्रसिद्धीपर असे खूप विभाग झाले. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'बाई'ला १९८५ च्या पुरस्कारांत कुटुंबकल्याणाच्या विभागात पदक मिळालं. या यादीकडे पाहिलं की प्रत्येक विभागामागे एक खातं दिसतं. शेतीखात्यासाठी शेतीचा, आरोग्यखात्यासाठी कुटुंबकल्याणाचा. खात्याने पैसे द्यायचे, सरकारी परीक्षकांनी पाहायचे, सरकारने पदक द्यायचं. चांगले चित्रपट त्यातूनही निघाले, नाही असं नाही. पण सौसरच्या एखाद्या संत्रा बागायतदाराला 'कृषी' विभागाचा परीक्षक केलं असतं तर निकाल वेगळे लागले असते, असं मी ठामपणे म्हणतो. डिंक्याने बाग कशी वाळते हे त्याला दहा मिनिटांत सांगा म्हटलं तर तो चारच मिनिटांत सांगेल.

खेड्यातल्या माणसाला काय कळलं हे मोजायचा मोठा प्रयत्न एकदा झाला, तो साइटमध्ये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन दाखवलं गेलं आणि इस्रोच्या बाजूने समाजशास्त्रज्ञांनी गावात राहून प्रेक्षकांचा अभ्यास केला. मध्य प्रदेश त्यात होता, पण निवडलेली गावं रायपूर, बिलासपूर, दुर्ग या जिल्ह्यांतली, म्हणजे आजच्या छत्तीसगडातली. छिंदवाडा नव्हता. प्रेक्षकाला विचारण्याची आमची पाळी इथेही चुकली. नंतर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचं 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर आलं. पुणे आणि इंदूर इथल्या विद्यापीठांच्या केंद्रांतही त्यासाठी कार्यक्रम तयार होत आणि या केंद्रांच्या कामाच्या स्पर्धाही होत. बहुतेक कार्यक्रम इंग्रजी. आम्ही ते अँटेना फिरवत पाहिले, इंग्रजी सुधारावं म्हणून.

माझी नोकरी कारखान्यांत गेली. उद्योगपटाची दुसरी बाजू मी तिथे पाहिली. एका कारखान्यात (नाव घेत नाही) कंपनीची चकचकीत फिल्म होती. तिला परदेशातल्या कुठल्याशा कॉर्पोरेट स्पर्धेचं स्मृतिचिन्ह मिळालेलं होतं आणि ते काचेच्या कपाटात दर्शनी ठेवलेलं असे. अशा स्पर्धांत भरपूर प्रवेशशुल्क असतं आणि एकाच गटात अनेकांना सुवर्ण मिळू शकतं, हे पाहुण्यांना माहीत नसतं. त्याच कारखान्यात नव्या कामगारांना सुरक्षेची फिल्म दाखवत. ती इंग्रजीत. समोर बसलेली पोरं आसपासच्या खेड्यांतली, मराठी-हिंदी बोलणारी, काही गोंडी घरातली. फिल्म सुरू झाली की आमचा एक जुना सुपरवायझर पडद्याशेजारी उभा राहायचा आणि आवाज बंद करून स्वतः सांगायचा, "हे पाहा रे, हा हात असा टाकला का गेला. माह्यं बोट पाहा." त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. त्या फिल्मला बक्षीस नव्हतं. तिच्यावर खर्चही फारसा झाला नसावा. पण पोरांना जे कळलं ते त्या बोटामुळे कळलं.

मुंबईत माहितीपट निर्मात्यांची जुनी संघटना आहे, आय.डी.पी.ए., १९५६ पासूनची. ती आपल्या पुरस्कारांत कॉर्पोरेट फिल्म आणि जाहिरातपटांनाही जागा देते. परीक्षक त्याच धंद्यातले, म्हणून निदान छायाचित्रण आणि संकलन कसं आहे हे ते नीट सांगू शकतात. कारागिराने कारागिराला दिलेलं बक्षीस म्हणून मला ते मान्य आहे. उपयोगाचा निकाल त्यातून निघत नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये.

फिल्म्स डिव्हिजनने १९९० मध्ये मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. दर दोन वर्षांनी. आपण त्याला 'मिफ' म्हणतो. २००४ मध्ये भारतीय चित्रपटांनाच सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं म्हणून निर्मात्यांनी बाजूलाच 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी परीक्षकांना उघडपणे विचारलं की तुम्ही कोण? प्रेक्षकाने नाही विचारलं, निर्मात्याने विचारलं, पण विचारलं. विज्ञान प्रसार या सरकारी संस्थेनेही राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सव चालवला होता, गावोगाव फिरता. २०२२ मध्ये तो भोपाळला भरला. पुढच्याच वर्षी विज्ञान प्रसारच बंद झालं. फिल्म्स डिव्हिजन त्याआधी २०२२ मध्ये एन.एफ.डी.सी.त विलीन झाली होती.

राष्ट्रीय पुरस्कारांतही झाडझूड झाली. २०२१ च्या चित्रपटांसाठीच्या ६९ व्या पुरस्कारांत शैक्षणिक आणि प्रसिद्धीपर हे विभाग होते. प्रसिद्धीपर विभागात वारली चित्रकलेवरचा माहितीपट आला होता. ७० व्या पुरस्कारांत हे दोन्ही विभाग यादीतून गेले. त्याच ७० व्या यादीत मराठीला मात्र चांगले दिवस दिसतात : सोहिल वैद्यांचा 'मर्मर्स ऑफ द जंगल' सर्वोत्तम माहितीपट, सचिन सूर्यवंशींचा 'वारसा' कला-संस्कृतीत, आणि अशोक राणे यांचा गिरणगावावरचा 'आणखी एक मोहेंजोदारो' इतिहासाच्या विभागात. गिरण्या गेल्या आणि त्यांच्यावरचा माहितीपट इतिहास म्हणून गौरवला गेला. उद्योगपटाचं पुढे काय होतं याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

विभाग बंद केले याचं मला फार दुःख नाही. साठ वर्षं पदक मिळूनही जो चित्रपट आपल्या माणसाला 'बक्षिसाचा' म्हणून ओळखता आला नाही, त्याचं पदक गेल्याने मोहगावात काही कमी झालेलं नाही. अडचण वेगळी आहे. पदकांच्या याद्या छापील आहेत आणि कुठेही मिळतात. कुठल्या गावी कोणता चित्रपट किती लोकांनी पाहिला, कोणत्या भाषेत, नंतर काय बोलले, याची यादी नाही. त्यामुळे या चित्रपटांचा इतिहास पुढे लिहिला जाईल तो फक्त परीक्षकांच्या बाजूने. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्याचं गॅझेटियर कधीतरी होईल. त्यात टॉकीजची नावं येतील, पिक्चरच्या गाडीचा उल्लेखही येणार नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांनी घरच्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचारून लिहून पाठवाव्यात : पडदा गावात नेमका कुठे लागायचा, निवेदन कोणत्या भाषेत होतं, कोणता चित्रपट आजही डोळ्यांसमोर आहे, आणि तो पाहून घरात किंवा शेतात काही बदललं का. जपानी पद्धतीची धानशेती पाहून कोणी खरंच रोपं ओळीत लावली असतील, किंवा लशीचा चित्रपट पाहून कोणी पळून गेलं असेल, तर ते तसंच लिहा. सोमय्या-गोमय्या करून गोड लिहू नका.

एक वस्तूही हाती आली आहे. सौसर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर १६ मि.मी.च्या फिल्मचा पत्र्याचा डबा निघाला. चारशे फुटी. लेबल उंदरांनी खाल्लेलं, शेवटी 'मराठी' एवढी अक्षरं वाचता येतात. झाकण जरा सैल केलं तर सिरक्यासारखा उग्र वास येतो. ॲसिटेट सडायला लागलं की असाच वास सुटतो, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही, थंड जागी फक्त सावकाश होतं. सध्या तो डबा त्यांच्याच घरी, सगळ्यात थंड खोलीत, सिमेंटच्या फरशीवर ठेवला आहे. प्रोजेक्टरवर चढवायचा मोह दोघातिघांना झाला, मी चढवू दिला नाही. आकसलेली फिल्म दात्यांत फाटते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करायची आहे. नागपूरहून पुण्याला गाडीने जाणारं कोणी असेल आणि डबा मांडीवर सांभाळून नेईल, तर कळवावं. सामानात टाकून नको, आणि उन्हाळ्यात तर अजिबात नको.